आई गेल्यावर तिसऱ्या वर्षी कुणीच आलं नाही

हे प्रकरण एका कुटुंबाच्या वार्षिक सुट्टीचं आहे. चार भावंडं, त्यांचे जोडीदार, नऊ नातवंडं आणि या सगळ्यांची एक आत्या असा गोतावळा वर्षातल्या मोठ्या सुट्टीत आईवडिलांच्या घरी जमायचा. वडील गेल्यावरही जमणं थांबलं नाही. आई गेल्यावर मात्र दोन वर्षं ते कसंबसं रेटलं गेलं. तिसऱ्या वर्षी त्या घरात राहणारा धाकटा भाऊ, त्याची बायको, मुलं आणि आत्या एवढेच उरले. बाहेरून कुणी आलं नाही. थोरल्या बहिणीने, जिला सगळे ताई म्हणतात, त्यानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी वेळ मागितली. "आमचं माहेर संपलं," एवढंच तिचं म्हणणं होतं.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नात्यांची मांडणी मात्र तशीच ठेवली आहे, कारण सगळं प्रकरण त्या मांडणीतच आहे.

आधीची वर्षं

भावंडं लहान होती तेव्हा घरात सात माणसं होती. सुट्टीला कुणी यायचं नसे, कुणी जायचं नसे. पुढे शिक्षण, नोकऱ्या, लग्नं यांनी एकेक जण बाहेर पडला आणि सुट्टी ही परत येण्याची वेळ झाली. मग नातवंडं आली. सगळ्यात मोठं नातवंड दहा-बारा वर्षांचं, सगळ्यात धाकटं रांगणारं, आईवडील धडधाकट, घरात वीस माणसं, हा काळ सगळ्यांच्या आठवणीत सोन्याचा आहे. चारही भावंडं "पूर्वी कसं होतं" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जेमतेम सात-आठ वर्षांचा हा तुकडा असतो. त्याआधी वडिलांचा रागीट स्वभाव होता, पैशांची ओढाताण होती, एका लग्नावरून दोन वर्षं अबोला होता. ते सगळं गळून गेलंय. पुढच्या प्रत्येक सुट्टीची तुलना मात्र त्या तुकड्याशीच होत राहिली, आणि साहजिकच प्रत्येक सुट्टी उणी ठरत गेली.

सात माणसांत दोघादोघांची नाती मोजली तर 21 भरतात. वीस माणसांत ती 190 होतात. घर तेच, सुट्टीचे दिवस तेवढेच, आणि सांभाळायची नाती नऊपट. शिवाय बाहेरून आलेल्या चारही जोडीदारांना स्वतःचे आईवडील होते आणि त्यांच्याकडेही सुट्टी त्याच दिवसांत यायची. हा ताण पहिल्या दिवसापासून होता. तो दिसत नव्हता, कारण कुणीतरी तो रोज थोडा थोडा सैल करत होतं.

नातवंडं मोठी झाली तशी मुलांची टोळी फुटली. ज्यांना आदल्या वर्षापर्यंत घरी परतायचं नसायचं त्यांनाच आता यायचं नसे. याच सुमारास वडील गेले, आणि त्याचा परिणाम उलटा झाला. जमणं घट्ट झालं. "आईसाठी यायलाच हवं" हे कारण इतकं भक्कम होतं, की इतर कुठल्याही कारणाचा विचार करायची गरज पडली नाही. आपल्याला एकमेकांना भेटायचंय का, हा प्रश्न भावंडांनी त्या वर्षांत स्वतःला कधी विचारलाच नाही. माझ्या मते पुढच्या पडझडीची सुरुवात इथे आहे, आई गेली तेव्हा नव्हे.

तीन सुट्ट्या

आई गेली त्या वर्षी सगळे आले. दुःख ताजं होतं, सगळे एकमेकांशी हळुवार वागत होते. आत्या सांगत होती, की इतक्या वर्षांत भावंडं अशी रात्रभर बोलत बसलेली तिने पाहिली नव्हती. शेवटच्या संध्याकाळी थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, विषय काढला, "सगळे आहोत तर घराचंही एकदा बघून टाकू." त्याचा हेतू वाईट नव्हता, एवढी माणसं पुन्हा कधी एकत्र मिळणार, हा व्यवहारी विचार होता. पण त्याच घरात राहणाऱ्या धाकट्या भावाला ते घर रिकामं करण्याच्या नोटिशीसारखं वाटलं. आवाज चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या निरोप न घेता निघाल्या.

माणूस एखादा अनुभव सरासरी काढून लक्षात ठेवत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या थंड पाण्याच्या प्रयोगात हे नेमकं दिसलं. लोकांनी एकदा हात एक मिनिट बोचऱ्या थंड पाण्यात ठेवला, आणि एकदा तेवढाच वेळ ठेवून वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाण्याचा थंडपणा किंचित कमी होत गेला. पुन्हा करायचं झालं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. या कुटुंबात उलटं घडलं. चार दिवसांचा जिव्हाळा शेवटच्या तासाने पुसून टाकला. चौघांनाही त्या वर्षाबद्दल विचारलं तेव्हा प्रत्येकाने आधी ती संध्याकाळ सांगितली. रात्रभर चाललेल्या गप्पा मला आत्याकडून कळल्या.

दुसऱ्या वर्षी धाकटी बहीण आली नाही. दादाचं कुटुंब एका दिवसासाठी आलं. ताईने सगळं आईसारखंच करायचं ठरवलं होतं: त्याच खोल्यांत तीच माणसं, उठण्या-जेवण्याच्या त्याच वेळा, त्याच क्रमाने सगळे विधी. कपाटातली मांडणी बदललेली पाहून ती धाकट्या सुनेला म्हणाली, "हे इथे नसायचं." त्यावर धाकटी सून काही बोलली नाही.

तिसऱ्या वर्षी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "या वर्षी काय ठरतंय?" असा एक मेसेज पडला. त्यावर दोन अंगठे आले, एक "बघू" आला, आणि विषय तिथेच राहिला.

एकेकाशी बोलल्यावर

सगळ्यांना एकत्र बसवण्याआधी मी एकेकाला भेटले. प्रत्येकाकडे कारण तयार होतं, आणि प्रत्येकाच्या कारणात दोष दुसऱ्याचा होता. ताईच्या मते दादाला फक्त हिस्सा हवा होता. दादाच्या मते ताईला आईच्या जागी बसायचं होतं. धाकट्या भावाला वाटत होतं की बाकीच्यांना तो त्या घरात नकोच आहे. धाकटी बहीण म्हणाली, की तिला कुणी बोलावलंच नाही. हे ऐकून बाकी तिघं चकित झाली. ग्रुपवर तर सगळ्यांनाच विचारलं होतं! पण तिचं म्हणणं अगदी खरं होतं. आई असताना तिला दर वर्षी फोन यायचा आणि आई विचारायची, "तू कधी निघतेस?" ग्रुपवरचा मेसेज म्हणजे तिला बोलावणं नव्हतं.

सगळ्यात जास्त उलगडा दोन सुनांच्या बोलण्यातून झाला. कुटुंबाच्या चर्चेत त्या दोघी तोवर कुठेच नव्हत्या.

मोठी सून लग्न झाल्यापासून त्या सुट्टीत स्वतःच्या आईवडिलांकडे एकदाही राहिली नव्हती. आता तिचे वडील नव्हते आणि आई एकटी होती. "सासूबाई होत्या तोवर मी कधी तक्रार केली नाही. त्या दर वर्षी सुट्टीच्या आधी माझ्या आईला स्वतः फोन करायच्या आणि सुट्टी संपल्यावर मला आठ दिवस तिकडे पाठवायच्या. सासूबाई गेल्या आणि तेही गेलं. मग मी ठरवलं, की आता माझ्या आईकडे जायचं." एका दिवसासाठी येण्यामागचं कारण हे होतं. हिश्शाच्या वादाशी त्याचा काही संबंध नव्हता.

धाकटी सून त्या घरात वीस वर्षं राहत होती. सासूच्या आजारपणातली शेवटची वर्षं तिनेच काढली. ती म्हणाली, "आई असताना येणारी माणसं त्यांची होती आणि मी मदतीला होते. आता येणारी माणसं माझी झाली, पण घर अजून माझं झालेलं नाही. मी राबायचं, आणि कपाटात काय कुठे हवं ते ताईंनी सांगायचं."

या दोघींपैकी कुणाचीही बाजू मला टोकाची वाटली नाही. कुटुंबाचे विधी एकाच बाजूला झुकलेले असले, म्हणजे एका जोडीदाराचं घर वर्षानुवर्षं बाजूला पडत असलं, तर त्याची किंमत कुणीतरी मूकपणे देत असतं. कुटुंबासोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना हा झुकाव चांगला परिचयाचा आहे. या घरात तो तीस वर्षं होता. आईला तो कळत होता आणि आठ दिवसांच्या त्या माहेरपणातून ती त्याची भरपाई करत होती. तिच्या पोटच्या मुलांना मात्र झुकावही माहीत नव्हता आणि भरपाईही.

आई काय करत होती

पहिल्या एकत्र बैठकीत मी घराचा विषय बाजूला ठेवला आणि एकच काम दिलं. सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर आई नेमकं काय करायची ते प्रत्येकाने आठवेल तसं लिहायचं. सुना-जावयांनीही लिहायचं, आत्यानेही. सुरुवातीला सगळ्यांनी स्वयंपाक, अंथरुणं, साफसफाई असं लिहिलं. मग आत्याने तोंड उघडलं, आणि यादी लांबत गेली.

दोन महिने आधी आई एकेकाला फोन करून नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा विचारून घ्यायची. कुणाकडे प्रवासाच्या पैशांची अडचण असेल तर ते कुणाला न कळता पोचायचे. सध्या कुणाचं कुणाशी बिनसलंय हे तिला ठाऊक असायचं आणि खोल्यांची वाटणी त्या हिशेबाने व्हायची. दादा आणि धाकटा भाऊ दोघंच समोरासमोर बसलेत आणि विषय पैशांकडे वळतोय असं दिसलं की ती एकाला काहीतरी आणायला बाहेर पाठवायची. एका जावयाला गर्दीत गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून दुपारचं एक काम त्याच्यासाठी बाहेरचंच राखून ठेवलेलं असायचं. हे त्या जावयालाही बैठकीतच कळलं. फोनवर ती प्रत्येकाला सांगायची, की दुसऱ्याने तुझी चौकशी केली. खोटं सांगायची नाही, पण निवडून सांगायची. सगळे गेल्यावर आठवडाभर पुन्हा फोन: पोचलात का, कोण काय बोललं, कुणाला काय लागलं.

भावंडं गप्प झाली. ताई रडली. आईच्या आठवणीने तर रडलीच, पण ती म्हणाली, "मी दुसऱ्या वर्षी आईसारखंच करायला गेले, आणि यातलं एकही काम मी केलं नव्हतं." तिने विधी जसेच्या तसे उचलले होते. ते विधी ज्यावर उभे होते ते काम तिच्या नजरेला कधी पडलंच नव्हतं.

या कामाची अभ्यासकांनी दखल घेतलेली आहे. कॅरोलिन रोझेन्थाल यांनी 1985 साली कुटुंबातली ही भूमिका तपासली: नातेवाईकांचा एकमेकांशी संपर्क टिकवून ठेवणारी व्यक्ती. ती बहुतेक वेळा बाईच असते. दोन वर्षांनी मानववंशशास्त्रज्ञ मिकेला दि लिओनार्दो यांनी भेटीगाठी, पत्रं, फोन, सणासुदीची जमवाजमव या सगळ्याला काम मानायला हवं, असं आग्रहाने मांडलं. मुलं वाढवणं किंवा नोकरी करणं जसं काम आहे तसंच हेही. तिच्या अभ्यासातलं एक निरीक्षण या प्रकरणाला तंतोतंत लागू पडतं. घटस्फोट झाला किंवा आई वारली की हे काम तसंच पडून राहतं. माणसांमधली माया तीच असते, काम करणारं कुणी नसतं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण या कुटुंबाने स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष क्रूर होता. चौघांनीही मनोमन धरलं होतं, की आपल्यात माया उरली नाही आणि आईने आपल्याला ओढूनताणून एकत्र ठेवलं होतं. आईच्या शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट वेगळंच सांगते. तिची स्मृती ढासळू लागली त्या वर्षी दोन नातवंडं आली नाहीत, कारण परीक्षा त्याच दिवसांत होत्या. घरात सगळे म्हणाले, मुलं मोठी झाली, आता कुठली येतात. पण त्या वर्षी आई तारखा विचारायला विसरली होती. एरवी तारखा कळल्या की ती सुट्टीचा मुक्कामच दोन दिवस मागेपुढे करायची, आणि तो तसा होतोय हेही कुणाच्या लक्षात येत नसे.

काय ठरलं

घराचा प्रश्न आधी वेगळा काढला. त्यासाठी सुट्टीबाहेर, वकिलाच्या उपस्थितीत, फक्त चार भावंडांची बैठक घ्यायची आणि सुट्टीत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. हा नियम दादानेच सुचवला.

मग तारखेचा प्रश्न. सुट्टीचा मुख्य दिवस प्रत्येकाने आपल्या आपल्या घरी किंवा जोडीदाराच्या आईवडिलांकडे घालवायचा आणि सगळ्यांनी त्यानंतरच्या एखाद्या सोयीच्या शनिवार-रविवारी जमायचं, असा प्रस्ताव धाकट्या बहिणीने मांडला. ताईला हा मोठा धक्का होता. तिच्या दृष्टीने मुख्य दिवस गेला म्हणजे सगळंच गेलं. इथे मी तटस्थ राहिले नाही. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी 1984 साली कुटुंबाच्या विधींचे तीन प्रकार मांडले: सगळा समाज मिळून पाळतो ते सण, त्या एका कुटुंबाच्याच अशा परंपरा, आणि रोजचे ठरलेले परिपाठ. या कुटुंबाचा सण आणि परंपरा एकाच दिवशी येत होते, म्हणून दोन्ही एकच वाटत होते. सणाचा दिवस हलवता येत नाही. वीस माणसांनी एका घरी भेटण्याची परंपरा मात्र त्यांची स्वतःची आहे, ती कुठल्याही तारखेला नेता येते. मी ताईला हे सांगितलं आणि प्रस्तावाला दुजोरा दिला. ती लगेच पटली नाही. "एक वर्ष करून बघू," एवढ्यावर ती आली.

जमण्याची जागा दर वर्षी बदलायची ठरली, आणि यजमान ठरवेल तशी मांडणी बाकीच्यांनी बिनतक्रार मानायची. ताईने हे धाकट्या सुनेकडे बघून कबूल केलं. आत्यासाठी मात्र अट अशी, की जागा कुठलीही असो, तिला आणायची-पोचवायची जबाबदारी आधी नावानिशी ठरलेली असेल.

आईच्या यादीतली कामंही वाटली. ती सगळी ताईच्या नाहीतर सुनांच्या गळ्यात पडू नयेत, यावर मी अडून बसले. तारखा विचारणं आणि एकेकाला फोन करणं दादाने घेतलं. त्याला ते अवघड गेलं. पहिल्या वर्षी त्याने फोनऐवजी ग्रुपवर एक तक्ता टाकला आणि सगळ्यांनी आपापली तारीख भरावी असं लिहिलं. तक्ता अर्धा रिकामा राहिला. धाकट्या बहिणीने त्याला सांगितलं, "दादा, मला फोन कर." त्याने केला. तो म्हणाला, की कामाशिवाय तिला फोन करण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ होती, आणि पहिली पाच मिनिटं काय बोलावं हे दोघांनाही सुचेना.

दोन वर्षांनी

दोन मेळावे झाले आहेत. पहिल्याला चौदा माणसं होती, दुसऱ्याला सतरा. मुक्काम एका रात्रीचा, क्वचित दोन. धाकटी बहीण दोन्ही वेळा आली; पहिल्या वेळी संध्याकाळीच निघाली, दुसऱ्या वेळी राहिली. मोठी सून मुख्य दिवस तिच्या आईसोबत काढते, आणि यंदा तिने आईला मेळाव्यालाही आणलं. घराची वाटणी अजून पूर्ण झालेली नाही. बैठकीत वाद होतात, पण ते बैठकीतच राहतात.

ताईला अजून मुख्य दिवशी उदास वाटतं. ते जाईल असं मी तिला सांगितलेलं नाही. तीस वर्षं ज्या दिवशी भरलेल्या घरात उठलो त्या दिवशी आपल्याच घरी चौघांत उठणं हे नुकसान आहे, आणि नव्या व्यवस्थेने ते भरून निघत नाही. मात्र गेल्या वर्षी तिच्या मुलीने त्या दिवशी तिच्याकडे येऊन राहायचं ठरवलं, जावई आणि बाळासह. ताई आता स्वतःच्या घरात तिच्या आईच्या जागी आहे. हे कुणी ठरवून केलं नाही.

कुटुंबाला वाढीची एक फेरी असते, असं मानववंशशास्त्रज्ञ मेयर फोर्ट्स यांनी 1958 साली मांडलं होतं. घर विस्तारतं, मुलांच्या लग्नांनी ते फुटून शाखा होतात, आणि शेवटी जुन्या पिढीची जागा नवी पिढी घेते. या कुटुंबाची चार घरं आता त्या फेरीच्या नव्या टप्प्यावर आहेत. वीसजणांचा एकच मेळावा आणखी पंधरा वर्षं तसाच टिकेल असं मला वाटत नाही, आणि टिकवायची धडपड करावी असंही नाही. चार शाखांचे चार मेळावे होतील. त्यांना जोडणारा धागा कुणाच्या हाती असेल, हा पुढचा प्रश्न.

त्याचं उत्तर बहुधा भावंडांकडे नाही. मागच्या मेळाव्यानंतर नऊ नातवंडांनी त्यांचा वेगळा ग्रुप केला आणि वडीलधाऱ्यांना न सांगता एका शनिवारी भेटले. हे कळल्यावर ताईचा मला फोन आला. "आम्हाला वगळून भेटले, हे बरोबर आहे का?" मी तिला विचारलं, सगळ्यांना फोन कुणी केले होते? दादाच्या मधल्या मुलाने, एकेकाला, वेळ विचारून. ताई म्हणाली, मग पुढच्या मेळाव्याच्या तारखा दादाऐवजी त्यालाच विचारायला सांगते. दादाने ते काम आनंदाने सोपवलं, पण धाकट्या बहिणीचा फोन मात्र स्वतःकडेच ठेवला.